मातीचा सामू (पीएच) ५.४ आलाय, चुना आणि खत किती टाकू?

नुसत्या ५.४ वरून चुन्याचा हिशेब होत नाही. रिपोर्टात कुठे ‘बफर सामू’ (मातीत साठलेल्या आम्लतेचा अंदाज देणारा आकडा) किंवा ‘चुन्याची गरज’ असं छापलंय का, ते आधी बघा. सामू सांगतो तो फक्त पाण्यात आत्ता मोकळी असलेली आम्लता. खरा साठा चिकणमातीच्या आणि सेंद्रिय पदार्थांच्या कणांना चिकटून असतो. चुना पडला की हा साठा हळूहळू बाहेर येतो आणि चुना खाऊन टाकतो. म्हणून ५.४ च्या रेताड जमिनीचं थोडक्यात भागतं, ५.४ चीच चिकण जमीन दुप्पट-तिप्पटही मागते.

मी हे चुकूनच शिकलो. दोन तुकडे, सामू सारखा, म्हणून चुनाही सारखाच फेकला. चिकण तुकड्याला पत्ताही लागला नाही. रेताड तुकड्यात मात्र पुढच्या हंगामात कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. सामू वर गेला आणि लोह अडकलं. टाकलेला चुना परत काढता येत नाही हो!

रिपोर्टातला चुन्याचा आकडा सहसा शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तुमच्या चुनखडीची ताकद ८० टक्के असेल, तर २ टनांऐवजी अडीच टन लागेल. तीही बारीक दळलेली हवी, खडे वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. पेरणीआधी दोन-तीन महिने मातीत मिसळा. युरियासोबत नको, अमोनिया उडून जातो.

खतात बरेच जण एकाच ठिकाणी फसतात. रिपोर्टात स्फुरद ‘पी’ म्हणून दिलंय की ‘पी२ओ५’ म्हणून? पोत्यावर बहुधा ‘पी२ओ५’ असतं. ‘पी’ला २.२९ ने गुणलं की ‘पी२ओ५’ मिळतं, पालाशच्या ‘के’ला १.२ ने गुणलं की ‘के२ओ’. समजा ६० किलो पी२ओ५ द्यायला सांगितलंय आणि तुमच्याकडे डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) आहे, ज्यात ४६ टक्के पी२ओ५ आणि १८ टक्के नत्र असतं. ६० भागिले ०.४६, म्हणजे साधारण १३० किलो डीएपी. त्यातून २३ किलो नत्र आपसूक येतं, तेवढं युरियाच्या हिशेबातून वजा करा.

नमुना कसा घेतला ते तुम्ही लिहिलं नाहीत. बांधालगतचा किंवा शेणखताच्या ढिगाजवळचा असेल, तर वरचं सगळं गणित वाया. १०-१५ ठिकाणी ‘व्ही’ आकाराचा, १५-२० सेंमी खोल खड्डा करा, त्याच्या कडेची माती तासून घ्या, एकत्र कालवा आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणा. सावलीत वाळवा. आणि खताच्या रिकाम्या गोणीत अजिबात भरू नका.