पोटॅशियम चॅनेल आणि पंप यांत फरक काय? सोडियम लहान असूनही चॅनेलमधून का जात नाही?

प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, वर्गात पोरं इथंच अडतात. पोटॅशियम, सोडियम हे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू. चॅनेल म्हणजे पेशीच्या आवरणातली त्यांची प्रथिनाची वाट. आयन पाण्यात एकटा फिरत नाही, पाण्याचे रेणू अंगाला चिकटवून फिरतो. चॅनेलच्या अरुंद गळ्यात शिरायचं तर ते पाणी सोडावं लागतं. त्या गळ्यात ऑक्सिजनचे अणू असे बसलेत की सोडलेल्या पाण्याची भरपाई पोटॅशियमला तिथंच मिळते. सोडियम लहान, त्याला ते चारी बाजूंनी नीट भिडत नाहीत. पाणी सोडणं परवडत नाही म्हणून तो बाहेरच राहतो. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूच्या चॅनेलची रचना उलगडून हे दाखवलं, २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

फरकाचं म्हणाल तर आपला कोल्हापुरी बंधारा बघा. बरगे काढले की पाणी उतारानं आपलं आपण जातं, ते चॅनेल. पंचगंगेच्या काठावरची मोटर वीज खाऊन पाणी वर उसाला चढवते, तो पंप. सोडियम-पोटॅशियम पंप एक एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. म्हणून तर पेशीत पोटॅशियम लिटरला १४० मिलिमोलच्या आसपास आणि रक्तात फक्त ३.५ ते ५.

हा पंप मी बारावीला दरवर्षी शिकवतो. पण एका रात्री तो सख्ख्या चुलत्यांना, तात्यांना, समजावता आला नाही, ते अजून सलतं.

तात्यांचे थोरले भाऊ आण्णा, त्यांना दम लागला, पाय गळाले म्हणून दवाखान्यात नेलं. पोटॅशियम ७.२. ईसीजीच्या कागदावर टी लहरी तंबूच्या खांबासारख्या टोकदार उभ्या. डॉक्टरांनी आधी शिरेतून कॅल्शियम दिलं, मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन. तात्या तिथंच उसळले, "दादाला साखर न्हाई, आन् इन्सुलिन टोचताय?" सिस्टरचा हात धरायला निघाले. मी त्यांना मागं ओढलं, तेवढंच जमलं.

तात्या, उत्तर असं होतं. रक्तात पोटॅशियम वाढलं की आत-बाहेरचा फरक कमी होतो. चॅनेलमधून पोटॅशियम बाहेर झिरपतं म्हणून पेशीवर जो विजेचा ताण टिकतो, तो उतरतो. मग सोडियमची चॅनेल्स बंद पडू लागतात आणि हृदयाचा ठोका अडखळतो. कॅल्शियमनं पोटॅशियमचा आकडा जराही उतरत नाही, फक्त हृदय सावरतं, वेळ मिळतो. आकडा उतरवतं इन्सुलिन. ते याच पंपाला जोर देतं आणि पोटॅशियम रक्तातून पेशीत ढकलतं. ग्लुकोज द्यायचं ते साखर पडू नये म्हणून. तरी हा चार-सहा तासांचाच उपाय, पोटॅशियम शरीरातच राहतं. ते बाहेर काढलं पहाटेच्या डायलिसिसनं.

तात्या आजही भावकीत सांगतात, "त्या सुईनंच दादाची किडनी गेली." साफ खोटं. वाढलेल्या क्रिएटिनिनचा (किडनी मंदावली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) रिपोर्ट वर्षभर आधीपासून कपाटात होता. आणि त्या पंधरवड्यात रंकाळ्यावरून रोज दोन शहाळी घरी येत होती, "थंडावा मिळतो" म्हणून. एका शहाळ्यात पाचशे-सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं. चांगली किडनी ते लघवीवाटे टाकून देते, आण्णांच्या किडनीत ती ताकद उरली नव्हती. शहाळी तात्यांनीच आणली होती, मायेनं आणली होती. ती माया मी नाकारत नाही, पण दोष सुईवर ढकलू देणार नाही.

एक राहिलं. पंप हा ट्रान्सपोर्टरचाच, म्हणजे पेशीच्या आवरणातून पदार्थ आत-बाहेर नेणाऱ्या प्रथिनाचाच, एक प्रकार. बाकीचे काही थेट एटीपी न जाळता सोडियमच्या उताराचा जोर वापरून पोटॅशियम ओढतात. मूत्रपिंडात असा एक आहे, सूज उतरवायची लघवीची गोळी त्यालाच अडवते. आणि इन्सुलिनचं वाचून घरी कुणी प्रयोग करू नका, ते ईसीजी आणि साखर तपासत दवाखान्यातच द्यायचं असतं. किडनी धड असेल तर शहाळं खुशाल प्या. पण आजाऱ्याला न्यायचं असेल तर आधी त्याच्या रिपोर्टातला पोटॅशियमचा आकडा विचारा, आणि लो सोडियम मिठाचा पुडाही उलटून वाचा. त्यात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराईडच असतं. आमच्या घरातला पुडा मी त्याच आठवड्यात टाकून दिला.