शर्यत नवऱ्याची, निरोप मात्र माझ्याकडे

दिवाळीचा फराळ संपत आला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक ठरावीक तक्रार यायला लागते आणि ती पार संक्रांतीपर्यंत येत राहते. "घरातले सगळे त्याच शनिवार-रविवारी जमणार, आणि ह्याची मॅरेथॉनही नेमकी तेव्हाच. मी कुठे जाऊ? कुठेही गेले तरी कुणीतरी दुखावणारच." सांगणाऱ्या बहुतेक बायका असतात, अलीकडे काही पुरुषही. शब्द थोडेफार बदलतात, पण चेहऱ्यावरचा थकवा तोच असतो.

आपल्याकडे लांब पल्ल्याच्या शर्यतींचा मुख्य मोसम थंडीचा. पुण्याची जुनी आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन आणि वसई-विरारची डिसेंबरात, मुंबईची जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. कुटुंबं एकत्र येतात तीही याच दिवसांत. चंपाषष्ठी, नाताळच्या सुट्टीत परदेशातून आलेली भावंडं, लग्नाच्या तिथी, मग भोगी, संक्रांत, बोरन्हाण. मुंबईच्या बाबतीत तर हिशोब सरळ आहे. तिसरा रविवार १५ ते २१ जानेवारीच्या दरम्यानच पडतो, म्हणजे संक्रांतीला लागूनच. ही टक्कर दर वर्षी होणार हे आधीच ठाऊक असतं. तरीही अनेक घरांत दर वर्षी ती नव्याने घडल्यासारखं भांडण होतं. ते का, याचं उत्तर मला मेधाच्या केसमध्ये फार स्पष्ट दिसलं. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत आणि लिहायला तिची परवानगी आहे.

मेधा त्रेचाळीस वर्षांची, ठाण्यात राहणारी, बँकेत नोकरी. सासर नाशिकचं. संक्रांतीनंतरच्या शनिवार-रविवारी सासूबाईंच्या घरी सगळे जमतात, कारण संक्रांतीच्या दिवशी नोकरीवाल्यांना सुट्टी मिळतेच असं नाही. त्या वर्षी पुतण्याच्या बायकोची पहिली संक्रांत होती. काळी साडी, हलव्याचे दागिने, हळदीकुंकू, पन्नासेक माणसांचं जेवण. आणि मेधाचा नवरा सुजय मुंबईत फुल मॅरेथॉन धावणार होता, ४२.१९५ किलोमीटर.

पहिल्याच भेटीत तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. एकाच दुपारी आलेले तीन निरोप होते. सासूबाईंचा: "त्याला सांग, पळणं काय दर वर्षी असतं." मोठ्या जावेचा: "तू तरी ये गं, मी एकटी किती बघू?" आणि सुजयचा, ऑफिसातून: "आईला तूच सांग ना. तुझं ऐकते ती."

मी विचारलं, "हे बोलणं कुणाकुणातलं आहे?"

"माझ्याच फोनवर आलंय की सगळं."

"आलं तुमच्या फोनवर. पण बोलणं कुणाचं कुणाशी आहे?"

तिने पुन्हा एकदा तिन्ही निरोप वाचले. मग हळूच म्हणाली, "आई आणि सुजय. वहिनींचा निरोप तेवढा माझ्यासाठी आहे."

"त्याला तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"त्यालाच द्यायचं राहिलंय."

मी या व्यवसायात इतकी वर्षं आहे, पण असा क्षण आला की मला अजूनही आनंद होतो. माणूस स्वतःच्याच हाताने गुंता उलगडून बघतो आणि त्यातला आपला धागा कोणता हे त्याला पहिल्यांदा दिसतं. मेधाला वाटत होतं की तिला सासर आणि नवरा यांतून एकाची निवड करायची आहे. प्रत्यक्षात मायलेकांमधलं एक बोलणं वर्षानुवर्षं व्हायचं राहिलं होतं आणि ती त्या दोघांचं पोस्ट ऑफिस झाली होती.

माझा कल कुटुंबाकडे एकत्रितपणे पाहण्याच्या विचारसरणीकडे आहे, आणि त्याचं श्रेय मी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांना देते. त्यांचं एक निरीक्षण मी रोज वापरते: दोन माणसांमधला ताण त्या दोघांना पेलेनासा झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात. दोघांना तेवढ्यापुरतं हलकं वाटतं, भार तिसऱ्यावर जातो. आपल्या घरांत ही तिसरी व्यक्ती बहुधा सून असते, आणि तिला त्याबद्दल 'समंजस' अशी शाबासकीही मिळते. म्हणून ती जागा सोडवत नाही.

पुढच्या भेटीला मी सुजयला बोलावलं. मोकळा माणूस, वाईट मुळीच नाही. म्हणाला, "मी सांगितलं की वाद होतो, मॅडम. हिने सांगितलं की गोडीत होतं."

"मग वाद होतच नाही?"

उत्तर मेधाने दिलं. "होतो. माझ्याशी. कधी जेवताना, कधी नणंदेच्या फोनवर. वर्षभर पुरतो."

सुजय तिच्याकडे बघत राहिला. हे त्याला खरोखर माहीत नव्हतं, आणि मला ते पटलं. निरोप पोहोचवणारी व्यक्ती समोरच्याचा राग गाळूनच पुढे देते. त्यामुळे पाठवणाऱ्याला वाटतं, सगळं सुरळीत आहे.

मग थोडं खोलात गेलो. शर्यतीची नावनोंदणी कित्येक महिने आधी होते. सुजयचं नाव पावसाळ्यातच नोंदवलेलं होतं. गणपतीत तो नाशिकला चार दिवस राहिला होता, भाऊबीजेला पुन्हा गेला होता, पण घरी एक अक्षर बोलला नाही. कळलं ते जानेवारी लागल्यावर, मेधाकडून. आईच्या दृष्टीने ती ऐनवेळी मारलेली दांडीच झाली. मी त्याला विचारलं, "भाऊबीजेला काय आडवं आलं?"

बराच वेळ गेला. "दादा. पहिल्या वेळी मी पदक घेऊन गेलो होतो. तो सगळ्यांसमोर म्हणाला, पदक तर पूर्ण करणाऱ्या सगळ्यांनाच देतात ना?" मग थांबून म्हणाला, "घरात मी अजून धाकटाच आहे. तिकडे रस्त्यावर छातीवर माझा स्वतःचा नंबर असतो."

हे वाक्य मेधानेही पहिल्यांदाच ऐकलं. जोडीदार कशासाठी धावतो, हे माहीत नसताना त्याला साथ देणं म्हणजे नुसती हमाली होते. पाण्याच्या बाटल्या, बॅग, पहाटेचा गजर. धावणाऱ्याच्या जोडीदाराने हा प्रश्न एकदा शांतपणे विचारावा आणि उत्तर अर्ध्यावर तोडू नये. कधी त्यातून असंही निघतं की शर्यत हे घरच्यांना टाळायचं निमित्त आहे. तसं असेल तर तेही कळलेलं बरं.

त्याला मी एकच काम दिलं. आईला फोन स्वतः करायचा, मेधा खोलीत नसताना, स्पीकर बंद ठेवून. 'सॉरी'ने सुरुवात करायची नाही आणि परवानगीही मागायची नाही. रविवारी मी धावणार आहे, म्हणून शनिवारी येणार नाही, २६ जानेवारीच्या सुट्टीला येतो आणि दोन दिवस राहतो, असं तारखेसकट सांगायचं. हळदीकुंकवाचे दिवस रथसप्तमीपर्यंत असतात, तेव्हा सण काही हातचा जात नाही. आणि आई रागावली तर रागावू द्यायचं.

आई आधी गप्प झाल्या. मग बरंच बोलल्या. सुजय ऐकत राहिला. शेवटी त्यांनी विचारलं, "मग त्या दिवसांत खातोस काय?"

या प्रश्नाचं मोल मेधाला लगेच कळलं, कारण आदल्या वर्षीचं खरं भांडण ताटावरूनच झालं होतं. शर्यतीच्या आधी नाशिकला जेवायला बसलेला सुजय भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी बाजूला सारून नुसता भात खात होता. सासूबाईंनी सकाळपासून घेवडा, हरभरा, गाजर, वांगी निवडून, तीळ कुटून केलेली भाजी. कारण कुणीच सांगितलं नव्हतं. तंतुमय पदार्थ पचायला वेळ लागतो आणि धावताना पोटात गडबड होऊ शकते, म्हणून शेवटचे दोन-तीन दिवस धावणारे मऊ भात, बटाटा अशा साध्या खाण्यावर राहतात. शरीरात साठलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या पुढे संपत येते, तो साठा भरायचा असतो. एवढं सुजयने फोनवर सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे भाजी नंतर करायची. गुळाच्या पोळ्या टिकतात, त्या देते." आणि फोन ठेवताना: "माझी ना नाही. पण मला आवडलेलं नाही, हे लक्षात ठेव."

मेधाने हे मला जरा हिरमुसूनच सांगितलं. मला मात्र ते वाक्य फार आवडलं. नाराजी आहे आणि मनाईही नाही. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे ज्या घरात जमतं ते घर निरोगी आहे असं मी समजते. नाराजी पुसून टाकायची धडपड करू नका, हे मी प्रत्येक सुनेला सांगते. म्हाताऱ्या माणसाला मुलगा सणाला नाही याचं वाईट वाटण्याचा हक्क आहे.

आता राहिला मेधाचा स्वतःचा प्रश्न. मी विचारलं, "कुणीच रागावणार नाही असं धरा. शनिवारी दुपारी तुम्हाला कुठे असायला आवडेल?"

"नाशिकला," ती पटकन म्हणाली. "नव्या सुनेला मला हलव्याचा हार घालायचाय. आणि वहिनींबरोबर स्वयंपाकघरात मजा येते मला."

"आणि रविवारी सकाळी?"

इथे ती थांबली. इतकी वर्षं ती गुरुवारी नंबर आणायला सोबत जायची, पहाटे साडेतीनला उठून स्टार्टपर्यंत जायची, मग तासन्‌तास ताटकळायची. यातलं काय आवडतं, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाली, "पेडर रोडच्या चढावर. परतीचा चढ, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास. तिथे त्याचा चेहरा पडलेला असतो. मला बघितलं की बदलतो. बाकी कुठे मी नसले तरी चालेल. तिथे मात्र मला असायचंय."

सुजय म्हणाला, "मलाही तू फक्त तिथेच हवी असतेस. बाकी ठिकाणी तू कंटाळलेली असतेस आणि मला अपराधी वाटतं."

एकमेकांसाठी म्हणून दोघं जे करत होती, त्यातलं निम्मं दोघांनाही नको होतं. लग्नांत हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता साथीचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच विचारते: नेमकी कुठे हवी? बहुतेकांचं उत्तर आश्चर्य वाटावं इतकं लहान असतं.

त्या वर्षी मेधा शुक्रवारी रात्री नाशिकला गेली. आपण किती वाजता निघणार, हे तिने पोहोचल्यावर जावेला स्वतः सांगितलं. शनिवारचं जेवण, हळदीकुंकू उरकून संध्याकाळी ठाण्याला परतली. सुजय नंबर स्वतः घेऊन आला होता आणि नऊला झोपला होता. सकाळी तो एकटा निघाला. पहाटे पाचला सुटलेला, पावणेपाच तासांच्या बेताने धावणारा माणूस चढावर नऊच्या सुमाराला येतो, म्हणून ती सव्वाआठला तिथे पोहोचली. सोललेली संत्री, डबीत मीठ आणि अंगात भडक पिवळा कुर्ता. रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं, हे आधी ठरलेलं होतं. गर्दीत फोन लागतीलच असं नाही, आणि माग दाखवणारं ॲपही मागे पडतं.

तिथे उभं राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट धावणाऱ्यांकडूनच शिकले आहे, ती सांगते. "आता थोडंच राहिलं" असं म्हणू नका. सात किलोमीटर उरलेल्या माणसाला ते थोडं नसतं. खरा आकडा सांगा किंवा नुसतं नाव घेऊन हाक मारा. शर्यत संपल्यावर 'किती वेळ लागला' हा प्रश्न त्याने सांगेपर्यंत राहू द्या. कोरडा शर्ट द्या, आणि लगेच बसू न देता थोडं चालवा.

धावणारी बाई असेल तर गोष्ट जास्त नाजूक होते. सुनेने सणाच्या दिवशी बूट घालून बाहेर पडणं अजून अनेक घरांत खटकतं. तिथेही माझा सल्ला तोच, फक्त माणूस बदलतो. सासरी तिने स्वतः बोलायचं नाही, नवऱ्याने बोलायचं: "ती धावणार आहे, मी तिथे असणार आहे." माहेरी तिने बोलायचं. आपापल्या माणसांशी आपणच बोलायचं, हा नियम मी सगळ्या जोडप्यांना घालून देते आणि त्यात सूट देत नाही.

सुजय २६ जानेवारीला नाशिकला गेला. त्याने भोगीची भाजी दोनदा मागून घेतली. दादाने पदकाबद्दल काही विचारलं नाही, सुजयनेही काढलं नाही. ते बोलणं अजून बाकी आहे. त्यासाठी तो या वर्षी स्वतःहून एकटा माझ्याकडे आला.

ज्यांची शर्यत येत्या जानेवारीत आहे, त्यांनी घरी अजून सांगितलं नसेल तर फोन याच आठवड्यात करावा. नाव ज्याने नोंदवलंय त्यानेच. आपण पुन्हा कधी येणार ती तारीख कॅलेंडरवर बघून, हाताशी ठेवून मगच फोन लावावा. आणि जोडीदाराने तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसावं.