उत्तर: वेचणीच्या बायका येशूचं नाव काढलं की गप्प होतात

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला माझेच जुने दिवस आठवले. कापूस वेचायला आलेल्या बायकांशी येशूबद्दल बोलायला गेलं की त्या मान खाली घालून वेचत राहतात, आपलं काय चुकतं, असं तुम्ही विचारलंय. प्रार्थना आणि वचनाचं तुम्हाला मी काय सांगणार, ते सोडतो.

मला एकच गोष्ट खटकली. त्यांचा कापूस संध्याकाळी तुमच्याच काट्यावर मोजला जातो ना? किलोमागे पैसे तुम्हीच देता. मग त्या बोलतील काय? 'हो' म्हटलं तर घरी बोलणी खावी लागतील, 'नाही' म्हटलं तर उद्या तुम्ही बोलावणार नाही ही धास्ती. तुमच्या मनात तसं काही नसेल, पण त्यांच्या मनात असतंच. मजुरी चालू असताना हा विषय काढूच नये असं माझं मत आहे. आमच्या मंडळीतल्या काहींना ते पटत नाही, तुम्हालाही पटलं नाही तर सोडून द्या.

आता माझी चूक. २०१७ च्या फवारणीत यवतमाळ जिल्ह्यात किती जणांना विषबाधा झाली ते तुम्हाला आठवत असेलच. आमच्या धुऱ्याशेजारच्या काकांचा पोरगाही त्यात सापडला. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो पऱ्हाटीतच बसला. मी मोटारसायकलवर त्याला मधे धरून नेलं. पुढे नऊ दिवस डबा पोचवायचं काम माझ्याकडे होतं. एका रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात काका आपणहून म्हणाले, "तुमी लोकं पिरार्थना करता म्हंतेत, कराना बाप्पा आमच्या पोरासाठी." मी केली, दोन मिनिटांची, साध्या बोलीत. पोरगा वाचला तो डॉक्टरांच्या औषधानं, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणतो. त्यानंतर काका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे, येशू कोण, तो वधस्तंभावर का गेला, असं विचारायचे. मी इतकी वर्षं येशूबद्दलच्या पत्रिका वाटल्या, पण असं कोणी कधी विचारलं नव्हतं.

तेव्हा मी एका कार्यालयाला महिन्याचा अहवाल पाठवायचो. नाव सांगत नाही. त्यांच्या फॉर्मवर रकाने होते: किती घरी गेलात, किती जणांना सुवार्ता सांगितली, किती जणांनी 'प्रतिसाद' दिला. मी काकांची सगळी हकीकत लिहिली, आणि खाटेवरच्या पोराचा फोटोही जोडला. त्यांना विचारलं नाही. तीच माझी चूक.

चार महिन्यांनी ते सगळं त्यांच्या पत्रकात छापून आलं. नाव गाळलं होतं, पण गावाचं नाव आणि फोटो होता. वर लिहिलं होतं की औषधानं हात टेकले तिथे प्रार्थनेनं काम केलं. मी असं लिहिलंच नव्हतं! आठवड्याभरात तो कागद व्हॉट्सॲपवर फिरून गावात पोचला. काका पारावर चार माणसांसमोर एवढंच म्हणाले, "आमच्या पोराचं दुखनं इकून तुमाले काय भेटलं?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

कार्यालयात तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा सांगितलं, अर्ज द्या. तिसऱ्यांदा म्हणाले, नाव तर गाळलंय, मग तक्रार कसली? आणि जाता जाता विचारलं, या महिन्याचा अहवाल राहिला का? त्या दिवसापासून मी अहवाल लिहिणं सोडलं. असो, याच्यावर लिहीत बसलो तर रात्र जाईल.

थोडं भाषेचं. 'तारण', 'पापक्षमा' हे शब्द आपल्या सवयीचे, बाहेरच्याला कळत नाहीत. मी एकदा हुशारीनं पापक्षमेला कर्जमाफीची उपमा दिली. समोरचा कास्तकार हसला आणि म्हणाला, आमच्या माफीत दीड लाखाची अट निघाली, तुमच्या देवाची अट काय ते आधी सांगा. तेव्हापासून उपमा बंद. बायबलातल्या योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू विहिरीवर त्या शोमरोनी बाईला पहिलं काय म्हणतो? मला प्यायला दे. तो आधी तिच्याकडे मागतो. आपण मात्र कायम देणारे होऊन जातो.

पत्रिका वाटणारे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा दाखला देतात, की रेल्वेत एका परदेशी सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. दिला, खरं आहे. पण आधी दोघांच्या गप्पा झाल्या होत्या, आणि पुढे टिळकांनी वाचलं, शंका काढल्या, मग १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तेवढं कोणी सांगत नाही.

कायद्याचंही थोडं, पण मी वकील नाही. घटनेच्या २५ व्या कलमात धर्माच्या प्रचाराचा हक्क आहे, तरी प्रचार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे असं सुप्रीम कोर्टानं १९७७ मध्ये म्हटलंय. पैसे, धान्य, नोकरी यांचा आणि विश्वासाचा विषय एका बैठकीत आणू नका. आजाऱ्याला औषध बंद करायला तर चुकूनही सांगू नका. सध्याचे नियम जाणकाराला विचारून घ्या.

आणि हो, पहिल्या वेचणीला बायका सीतादही, म्हणजे शेतातली दह्याची पूजा, करतील तेव्हा तोंड फिरवून उभ्या राहू नका. दही तुमच्या घरचं द्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मी देतो. आमच्या पाळकांना ते आवडत नाही.

काका दोन वर्षं बोलले नाहीत. मग एकदा वखर मागायला आले, ओट्यावर बसले नाहीत. गेल्या नाताळात काकूंनी आमचा करंज्यांचा डबा परत पाठवला, आत तिळाची चटणी होती. येशूचा विषय त्यांनी परत काढलेला नाही, मीही काढत नाही.