आईच्या शेवटच्या ओळीपाशी

"आईचं अर्धवट राहिलेलं पांघरूण पुरं करून दान द्यायचं ठरवलंय. पण रात्री विणते आणि सकाळी उसवते. हे पुरं झालं की आईसुद्धा संपेल असं वाटतं. मला वेड लागतंय का?" पन्नाशीतल्या एका बाईंचा प्रश्न. आईला जाऊन सात महिने झालेले. वर्षश्राद्धाच्या आत पांघरूण नवजात बाळांच्या विभागात द्यायचं, असा बेत. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

उसवण्याचा अर्थ लावायची आम्हा समुपदेशकांना भारी घाई असते. इथे आधी विणकाम टेबलावर पसरायला सांगितलं आणि मोजायची टेप लावली. टाके 132, सगळ्या ओळी सुलट. आईचा हात सैल, 10 सेंटीमीटरला 22 टाके. लेकीचा घट्ट, 24. म्हणजे आईची रुंदी 60 सेंटीमीटर, तर लेकीची 55. कड आत ओढली जाणारच! सकाळच्या उजेडात ते दिसायचं आणि त्या उसवायच्या. अर्धं उसवणं लोकरीचं होतं, दुःखाचं नव्हे.

उरलेलं अर्धं मात्र दुःखाचंच. एकदा उसवता उसवता आईच्या तीन ओळीही सुटल्या होत्या. हे सांगताना त्या पहिल्यांदा रडल्या. त्या भेटीत दुसरं काही केलं नाही. बोथट सुईत लाल सुती दोरा ओवून आईच्या उरलेल्या शेवटच्या ओळीतल्या प्रत्येक टाक्यातून घेतला आणि मगच विणायची सुई काढली. आता तो तुकडा उसवणार नव्हता.

हात जुळवायला 8 नंबरऐवजी 7 नंबरच्या, म्हणजे थोड्या जाड सुया घेता आल्या असत्या. पण आईसारखं विणायचं ओझं त्यांना नकोच होतं. आईचा तुकडा घरी ठेवायचा आणि दानासाठी नवं विणायचं, हा तोडगा त्यांनीच काढला.

आईच्या पेटीतली उरलेली लोकर त्यात वापरायची होती. ती डांबरगोळ्यांत ठेवलेली. जी6पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या नवजात बाळाच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅप्थलीनने फुटतात, कावीळ वाढते. बाळांचा बेत सोडला आणि वृद्धाश्रमात मांडीवर घ्यायचं पांघरूण ठरलं. "मग आईच्या लोकरीचा एक तरी चौकोन?" तोही नको. तिथे गरम पाण्यात मशीनवर धुतात. लोकर आटते आणि शेजारच्या ॲक्रिलिकला ओढून सुरकुत्या पाडते.

हिशेब असा: 20 सेंटीमीटरचे 20 चौकोन, चार बाय पाच. ॲक्रिलिक धागा साधारण साडेचारशे ग्रॅम. 8 नंबरच्या सुयांवर त्यांच्या हाताला 48 टाके, 96 ओळी. चौकोनाला सव्वादोन तास धरले, तर रोज वीस मिनिटांनी 135 दिवस. वर्षश्राद्धाला पाच महिने होते. जोडणीलाही वेळ उरत होता. विणायचं दुपारच्या चहानंतर, रात्री नाही. गजर झाला की ओळ पुरी करून पिशवी बंद. दुःखात आत-बाहेर जाता यावं, हे मानसशास्त्रज्ञ स्ट्रोब आणि शुट यांनी 1999 मध्ये मांडलं; पिशवीची चेन त्यासाठी बरी पडते. धाग्याच्या टोकांना गाठी मारायच्या नाहीत, धुण्यात सुटतात. पाच सेंटीमीटर एका दिशेला, मग उलट फिरवून ओवायचं.

वेडाबद्दल: त्या कामावर जात होत्या, जेवत होत्या, मैत्रिणींना भेटत होत्या. सहा महिन्यांनंतरही रोजची तीव्र ओढ माणसाचं काम, जेवण, नातीच थांबवत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो. इथे गरज पडली नाही.

पांघरूण वर्षश्राद्धानंतर नऊ दिवसांनी पोचलं. कुणाचं काही अडलं नाही. आईच्या तुकड्याचे टाके अजून लाल दोऱ्यावरच आहेत. ते कधी बंद करायचे, हे त्यांना कुणी विचारत नाही.