पोस्टर बघायला जाताना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

ग्राफिक डिझाइनची गॅलरी बघायला निघालास, तर आधी प्रदर्शनाच्या तारखा तपास. अशा ठिकाणी प्रदर्शनं भराभर बदलतात आणि दोन प्रदर्शनांच्या मध्ये मांडणीसाठी दार बंद असतं.

तिथली बरीचशी पोस्टरं तू मोबाइलवर पाहिलेली असशील. मोबाइलवर आकार कळत नाही आणि शाईही कळत नाही. जायचं ते या दोन गोष्टींसाठी.

नावपट्टीवर माप असतं, बहुधा उंची आधी. बी1 या ठरावीक मापाचा कागद (इथे रुंदी आधी) 707 × 1000 मिमी, जपानी बी1 जरा मोठा, 728 × 1030. स्विस रस्त्यांवरचं नेहमीचं पोस्टर 905 × 1280. जमिनीवर उभं केलं तर छातीपर्यंत येईल. जाण्याआधी वर्तमानपत्राची पानं जोडून ही मापं भिंतीवर एकदा लावून बघच. गॅलरीत प्रत्येक पोस्टर आधी दालनाच्या दुसऱ्या टोकावरून बघ, आठ-दहा मीटर मिळाले तर उत्तम. काय वाचता येतं आणि काय विरून जातं ते टिपून घे, मगच हातभर अंतरावर ये.

उजेड मंद वाटेल. उजेडाने शाई विटते, म्हणून जुन्या छपाईवर साधारण 50 लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) ठेवतात. डोळे सरावेपर्यंत रंगांबद्दल मत बनवू नकोस. एखादं जुनं पोस्टर सगळंच निळसर दिसलं, तर बहुधा त्यातली किरमिजी आणि पिवळी शाई आधी उडालेली असते.

आता शाई. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई ढकलून केलेल्या छपाईत, थर जाड बसतो. बाजूने तिरकं बघितलंस तर रंगाची कड उचललेली दिसते. लिथोग्राफमध्ये, म्हणजे दगडावर चित्र काढून घेतलेल्या छापात, छटा रवाळ असतात. खिळ्यांच्या, म्हणजे सुट्या अक्षर-ठशांच्या छपाईत अक्षर कागदात किंचित रुतलेलं असतं. चाररंगी ऑफसेटमध्ये, म्हणजे आजच्या नेहमीच्या यंत्रछपाईत, ठिपके दिसतात. प्रत्येक रंगाच्या ठिपक्यांची जाळी वेगळ्या कोनात फिरवलेली असते, काळी सहसा 45 अंशांत. कोन चुकले की सपाट रंगात लाटा उमटतात. दोन रंगांच्या मध्ये पांढरी रेघ राहिली असेल तर रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची नेमकी जुळणी, सरकलंय. सोनेरी शाईसमोर मात्र डावीकडून उजवीकडे चालत जा, म्हणजे तिची चमक बदलताना दिसेल. जपानी डिझायनर युसाकु कामेकुरांच्या 1964च्या टोकियो ऑलिंपिक पोस्टरातली सोनेरी वर्तुळं मोबाइलच्या पडद्यावर नुसती पिवळट होतात.

दहापट भिंग कागदापासून अडीच सेंटिमीटरवर धरावं लागतं. चौकटीपाशी तसं केलंस की रखवालदार धावत येईल, आणि त्याचं बरोबरच आहे. भिंग घरच्या छापील कागदांवर वापरून नजर तयार कर. प्रदर्शनाच्या कॅटलॉगवर ते लावून छपाईची पद्धत ओळखायला मात्र जाऊ नकोस: कॅटलॉग बहुधा ऑफसेटवर छापलेला असतो, त्यामुळे त्यात लिथोग्राफसुद्धा ठिपक्यांचाच दिसतो.

ता. क. टिपणांसाठी पेन्सिल ने. बऱ्याच ठिकाणी पेन चालत नाही.