नवी मुंबईच्या दमट हवेत सक्युलंटसाठी माती कशी तयार करावी? निम्मी रेती घालूनही रोपं का कुजतात?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत वरच्या मजल्यावर बाल्कनी आहे, नर्सरीच्या लाल मातीत निम्मी रेती मिसळली होती, तरी जुलैत एचेवेरिया आणि जेड ही सक्युलंट (जाड पानांत, खोडांत पाणी साठवणारी रोपं) बुडाशी काळी पडून गेली. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. खाडीच्या या बाजूची हवाही तुमच्यासारखीच, त्यामुळे इथे जे टिकतं तेच सांगते.

आधी त्या रेतीबद्दल. ‘रेती घातली की पाणी निथळतं’ हे अर्धंच खरं आहे. बारीक रेती चिकण लाल मातीत मिसळली की रेतीच्या कणांमधल्या फटी मातीने भरतात आणि मिश्रण आधीपेक्षा गच्च होतं. त्यामुळे ‘रेती किती टक्के’ या प्रश्नाने फारसं काही साधत नाही. दाणा केवढा आहे ते बघायचं. साधारण 3 ते 6 मिलिमीटरचा दाणा असेल तर दोन दाण्यांमध्ये हवा राहते. त्याहून बारीक जे काही असेल ते पाणी धरून बसतं, मग त्याला रेती म्हणा नाहीतर माती.

दुसरा गैरसमज कुंडीच्या तळाशी खडे टाकण्याचा. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा आणि ठिबकणं थांबू द्या. मग तोच उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागेल. कुंडीतही तसंच होतं. तळाशी ओल्या मातीचा एक पट्टा राहतोच, आणि त्याची जाडी कुंडीच्या उंचीवर नाही तर दाण्याच्या आकारावर ठरते. खाली खडे भरले तर तो पट्टा खड्यांच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. बशीसारख्या उथळ कुंड्या फोटोत गोड दिसतात, पण त्यांच्यात जवळजवळ सगळी माती त्या ओल्या पट्ट्यातच येते. छिद्रावर जाळीचा तुकडा ठेवा, खडे नकोत. कुंडीला छिद्रच नसेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही.

आता प्रमाण. यूट्यूबवरच्या बऱ्याचशा कृती कोरड्या हवेच्या गावांसाठी असतात. तिथे निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चालून जातं, आपल्याकडे जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही आणि हवाच पाण्याने भरलेली असते. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं आणि ते सोडायला त्याला इथे कोरडी हवा मिळत नाही. मी वजनाने नाही, डब्याने मोजते: तीन डबे ग्रिट (म्हणजे वर सांगितलेल्या दाण्याची बारीक खडी), दोन डबे विटेचे तुकडे, एक डबा जुनं, चाळलेलं गांडूळखत आणि अर्धा डबा लाकडी कोळशाचे तुकडे. लाल माती शून्य. तुमची बाल्कनी पश्चिमेची असेल आणि एप्रिलच्या उन्हात पानं सुरकुतत असतील तर मूठभर घाला, त्याहून जास्त नको.

ग्रिट नर्सरीत शोधू नका, तिथे तेच पाकिटात भरून सोन्याच्या भावाने मिळतं. रेती-खडी-सिमेंट विकणाऱ्याकडे जा. त्यांचा हिशोब ब्रासचा, म्हणजे 100 घनफुटांचा, त्यामुळे एक घमेलं मागितलं की ते हसतात, पण देतात. आपल्याकडची ही खडी म्हणजे सह्याद्रीचाच काळा दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो प्युमिससारखा (ज्वालामुखीचा हलका, भोकाभोकांचा दगड) सच्छिद्र नसतो, पाणी फक्त दाण्याच्या अंगावर राहतं. पावसाळ्यात हा त्याचा गुण, उन्हाळ्यात दोष. म्हणूनच सोबत वीट हवी. भाजलेली वीट आत थोडं पाणी शोषते आणि सावकाश सोडते. रेती दाखवली तर मात्र ती खाडीची नाही ना, एवढं विचारा. खारी रेती कितीही धुतली तरी मनात शंका राहते.

खरी मेहनत चाळण्यात आहे आणि नेमकी तीच टाळली जाते. गव्हाची चाळण घ्या (ती परत स्वयंपाकघरात जाणार नाही, हे घरात आधी सांगून ठेवा). वर राहील ते आपलं, खाली पडेल ते दुसऱ्या झाडांना. मग बादलीत पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा आणि उन्हात वाळवा. दगडाची धूळ राहिली तर ती तळाशी जाऊन बसते आणि पहिले पाढे पंचावन्न. फोडताना, चाळताना नाकाला रुमाल बांधा.

वीट लाल, भाजलेलीच हवी. गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडा. फुटका माठ किंवा जुनी मातीची कुंडीही चालते. सोसायटीत कुणाचं काम चालू असेल तर डेब्रिजच्या गोणीकडे लक्ष जाणारच, पण प्लास्टर चिकटलेले तुकडे आणि ते हलके पांढरट ब्लॉक घेऊ नका. त्यात चुना-सिमेंट असतं, माती अल्कधर्मी होते आणि मुळांना अन्न घेणं अवघड जातं.

तसंच शाडूचं. घरी बादलीत विसर्जन केल्यावर ती माती कुंडीत घालायची पद्धत छान आहे. तुळशीला, जास्वंदीला थोडी थोडी घाला. सक्युलंटला अजिबात नको. इतकी बारीक आणि चिकण माती दुसरी क्वचितच सापडेल, म्हणून तर तिची मूर्ती होते.

पर्लाइट (भाजून फुगवलेले पांढरे दाणे) वापरलं तरी चालेल. हलकं असतं, पण पाणी घालताना वर तरंगून येतं, आणि वरच्या मजल्यावर पावसाळी वाऱ्यात हलक्या कुंड्या आडव्या होतात. ग्रिटचं वजन तिथे कामी येतं. ग्रिलबाहेर मात्र कुंडी ठेवू नका, वजनदार कुंडी खाली पडली तर काय होईल ते सांगायला नको. व्हर्मिक्युलाइट (अभ्रकासारखं फुगवलेलं खनिज) पाणी धरण्यासाठीच असतं, ते सोडा.

मिश्रण जमलं का ते असं बघा. ओलं करून मुठीत दाबा, मूठ उघडताच सुटं झालं पाहिजे. कुंडीत भरून पाणी ओता. ते वर न साचता काही सेकंदांत खालून यायला हवं. मग उदबत्तीची काडी तळापर्यंत खुपसून ठेवा आणि रोज काढून बघा. भर पावसाळ्यातही चार-पाच दिवसांत ती कोरडी निघावी. आठवड्यानेही ओली असेल तर आणखी एक डबा ग्रिट.

नवीन रोप आणलं की नर्सरीचं कोकोपीट मुळांभोवती तसंच ठेवून लावू नका. बाहेर कोरडं आणि मधोमध ओला गोळा, अशी अवस्था होते. कधी त्यात जाळीचा छोटा कपही दडलेला असतो. रोप कोरडं असताना सगळं हलकेच झाडून काढा, कोरड्या मिश्रणात लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका, तुटलेली मुळं भरून येऊ द्या.

एवढं करूनही एचेवेरियाचा भरवसा देत नाही. ती मेक्सिकोतल्या थंड, उंच डोंगरांवरची. बहुतेक सक्युलंट हवेसाठी पानांवरची बारीक छिद्रं रात्री उघडतात, त्यांना थंड रात्र मानवते, आणि आपल्या जुलैच्या रात्री उकाड्याच्या. हावर्थिया, स्नेक प्लांट, कोरफड, अडेनियम इथे जास्त निभावतात. जेडचा शेंडा अजून हिरवा असेल तर काळ्या भागाच्या बराच वर कापा आणि कापलेल्या जागी तपकिरी कडं दिसेनासं होईपर्यंत चकत्या काढत जा. मग चार-पाच दिवस सावलीत सुकवून नुसत्या कोरड्या ग्रिटवर टेकवून ठेवा. पाणी मुळं दिसल्यावरच. एचेवेरिया पुन्हा घ्यायचीच असेल तर ऑक्टोबर उलटल्यावर घ्या.