मुंबईत मेट्रो वाढली की इंधनाचा वापर आणि कार्बन उत्सर्जन कमी होईल का?

होईल, पण नुसत्या मेट्रोने नाही. घर आणि कामाची जागा यांत किती अंतर आहे, यावर बरंच ठरतं. गिरणगावात भोंगा झाला की कामगार चाळीतून चालत गिरणीत जायचे. आता नोकरी बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) आणि परवडणारं घर विरार-बदलापूरला. तरी १९२५ पासून विजेवर धावणाऱ्या लोकलने आपल्याला तारलंय. कारच्या तुलनेत माणशी ऊर्जा फारच कमी लागते. (ती वीज अजून बरीचशी कोळशाचीच, हेही खरं.)

घोडं अडतं ते स्टेशनबाहेर. कुर्ला पश्चिमेला उतरून बघा: बसला लांब रांग, शेअर रिक्षासाठी झुंबड, फुटपाथवर पाय ठेवायला जागा नाही. इथेच वैतागून माणूस बाईक घेतो. म्हणून आधी बेस्टच्या बस वाढवा, फुटपाथ मोकळे करा.